दानात आलेल्या लॅपटॉपचे दात

"धर्माची गाय आणि दात का गं नाय?" अशी एक म्हण आपल्याकडे आहे. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असा तिचा अर्थ. ही म्हण कोणी रचली असेल याचा विचार आम्ही पूर्वी कधी केला नव्हता. आता वाटते, गाय देणाऱ्यानेच रचली असावी. घेणाऱ्याला त्या गाईला चारा घालायचा असतो, तिचे दूध काढायचे असते. दात नसलेली गाय चारा खाणार कशी, हा प्रश्न त्याला पडणारच.

ही म्हण गेल्या काही महिन्यांत आम्हाला तीन-चार जणांनी ऐकवली. कारण होते नऊ जुने लॅपटॉप आणि त्यांची न चालणारी बटणे.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही एक अभ्यासिका चालवतो. आम्ही म्हणजे चौघे. दोन सामाजिक कार्यकर्ते, एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि एक अंगणवाडीताई. हे लिहिणाऱ्याचे शिक्षण समाजशास्त्रात एम.ए. यंत्रातले कळणारे आमच्यात कोणी नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. २०२५ च्या दिवाळीनंतर एका कार्यालयाने आपले जुने लॅपटॉप निकालात काढले आणि त्यातले नऊ ओळखीतून आमच्याकडे आले. ते नेमके तेव्हाच का निघाले, हेही समजून घेतले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या फुकट दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि ठरलेल्या यादीतलाच प्रोसेसर लागतो. २०१३-१४ सालचे हे लॅपटॉप त्या यादीत बसत नाहीत. त्यांचे पडदे चांगले होते, कीबोर्ड चांगले होते, बॅटऱ्या मात्र थकलेल्या. थोडक्यात, यंत्रे बऱ्यापैकी धडधाकट असताना म्हातारी ठरवली गेली होती.

आमच्या एका कार्यकर्त्याच्या पुण्याच्या मित्राने फोनवर सांगितले, लिनक्स टाका. लिनक्स मिंट नावाची एक आवृत्ती आहे, तिचा एक्सएफसीई हा हलका प्रकार ४ जीबी रॅमवर बरा चालतो. एका पेनड्राइव्हवर ते उतरवून घेतले आणि एका रविवारी नऊही लॅपटॉपवर चढवले. संध्याकाळी नऊ पडदे एका रांगेत उजळले, त्याचा फोटो आम्ही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचे अंगठे भरपूर आले. सोमवारपासून तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार वायफायची. नऊपैकी सहा लॅपटॉपवर वायफाय दिसेचना. आम्ही दोन लॅपटॉप बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेले. त्याने झाकणही न उघडता सांगितले, "कार्ड उडालंय, बाहेरून डोंगल लावा, ९०० रुपये पडतील." सहा लॅपटॉपचे ५,४०० रुपये. आमच्या महिन्याच्या वीजबिलापेक्षा जास्त. त्या दुकानदाराला आम्ही लबाड म्हणणार नाही, त्याला लिनक्स माहीत नव्हते आणि "माहीत नाही" म्हणायची सवय नव्हती. ही सवय आपल्यातही फार जणांना नसते.

कार्डे उडालेली नव्हती. त्या चिपच्या कंपनीने ती चालवण्याची रीत, म्हणजे ड्रायव्हर, खुला केलेला नाही. तो बंद पुडीत मिळतो आणि लिनक्समध्ये वेगळा मागवून घ्यावा लागतो. मेनूत 'ड्रायव्हर मॅनेजर' नावाची जागा आहे, तिथे तो दिसतो. पण तो उतरवायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठीच तर तो हवा आहे! उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रेशनकार्ड आणा आणि रेशनकार्डासाठी उत्पन्नाचा दाखला आणा, असा तो प्रकार. वाट निघाली ती साध्या मोबाइलमधून. अँड्रॉइड फोन वायरीने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करायचे. फोनचे नेट लॅपटॉपमध्ये येते, कुठलाही ड्रायव्हर न टाकता. ड्रायव्हर उतरला, लॅपटॉप बंद करून सुरू केला, वायफाय हजर. (ज्या पेनड्राइव्हवरून मिंट चढवले तोच पुन्हा लावला तर हा ड्रायव्हर इंटरनेटशिवायही घेता येतो, हे आम्हाला चौथ्या लॅपटॉपनंतर कळले.)

सहापैकी पाच असे सुटले. सहाव्यावर ड्रायव्हर चढला तरी वायफाय मेलेलेच. आम्ही टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दिली. ती सांगते की वायफायला कोणी अडवले आहे. 'सॉफ्ट ब्लॉक' म्हणजे सॉफ्टवेअरने अडवले, ते आज्ञेने सोडवता येते. 'हार्ड ब्लॉक' म्हणजे खऱ्याखुऱ्या बटणाने अडवले, तिथे आज्ञा चालत नाही. आमच्याकडे 'हार्ड ब्लॉक्ड : येस' असे आले. त्यावर दोन तास आम्ही इंटरनेटवरचे नाही नाही ते उपाय करून पाहिले. शेवटी अंगणवाडीताईंनी लॅपटॉप पुसायला घेतला आणि विचारले, "ही बाजूला घसरपट्टी कशाची आहे हो?" उजव्या कडेला, धुळीच्या थराखाली, वायफायचा सरकता खटका होता. यंत्राने 'हार्ड' म्हटले होते, म्हणजे हाताने लावलेले. ते खरे बोलत होते. आम्हीच त्याचे ऐकत नव्हतो.

दुसरी तक्रार उजेडाची. लॅपटॉपच्या वरच्या रांगेत सूर्याचे चित्र असलेली दोन बटणे असतात, पडद्याचा उजेड कमी-जास्त करायची. चार लॅपटॉपवर ती दाबली की पडद्यावर उजेडाची पट्टी खालीवर व्हायची, उजेड मात्र आहे तसाच, डोळे दिपवणारा. आम्हाला ही किरकोळ बाब वाटली. मुलांना ती किरकोळ नव्हती. आम्ही लॅपटॉप आळीपाळीने घरी न्यायला देतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपलेली असतात, आईला पहाटे चारला उठून कामावर जायचे असते, तिथे रात्री बाराला पेटलेला पडदा म्हणजे घरात भांडण. शिवाय थकलेली बॅटरी पूर्ण उजेडावर पाऊण तासही टिकत नाही. बारावीच्या एका मुलाने पडद्यावर आईची ओढणी टाकून अभ्यास केला, हे त्याने आम्हाला हसत हसत सांगितले. आम्हाला हसू आले नाही.

त्याचे कारण असे निघाले. उजेड बदलायच्या दोन वाटा असतात. एक लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून जाते, दुसरी थेट ग्राफिक्सच्या चिपकडे. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो यातली एक निवडतो. आमच्या यंत्रांवर त्याने पहिली निवडली होती आणि तिथे फर्मवेअर "हो, बदलला" म्हणायचे आणि काहीच करायचे नाही. ग्रब नावाची जी सुरुवातीची फाईल असते, तिच्यातल्या एका ओळीत 'एसीपीआय बॅकलाइट बरोबर नेटिव्ह' एवढे शब्द घातले, 'अपडेट ग्रब' केले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि बटणे कामाला लागली. काही यंत्रांवर 'नेटिव्ह'ऐवजी 'व्हेंडर' किंवा 'व्हिडिओ' लिहावे लागते, एकेक करून पाहायचे. चुकले तर फार काही बिघडत नाही, शब्द काढून टाकला की पूर्ववत.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून आलीच नाही. दहावीच्या एका मुलीने सहज विचारली. चारच्या बटणावर रुपयाचे चिन्ह छापले आहे, ते उमटत का नाही? भारत सरकारने हे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले आणि इथे विकल्या जाणाऱ्या कीबोर्डांवर छापलेही जाऊ लागले. पण लिनक्स चढवताना आम्ही कीबोर्ड 'यूएस' निवडला होता. तो बदलून 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' केला की उजवीकडचे आल्ट दाबून चार दाबायचे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणीही तिथेच मिळते. इनस्क्रिप्टमध्ये 'खऱ्या'तला र काढायला साधा र नव्हे, शिफ्टसह जे दाबून नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो आणि मग हलन्त द्यावा लागतो. हे कळल्यावर आमच्या ग्रुपवरचे 'खर्‍या' आणि 'खर्या'चे वाद जरा शांत झाले.

इथपर्यंत आम्ही स्वतःवर खूष होतो. वायफाय आहे, उजेड आहे, मराठी आहे, रुपया आहे. पण बाकी बरीच खास बटणे चालत नव्हती. गाणे थांबवायचे, कॅमेरा बंद करायचे, माइकचे चित्र असलेले. डिसेंबरात एक मुलगा म्हणाला, "दादा, हे माइकचं बटण काहून चालत नाही?" आम्ही त्याला जे उत्तर दिले ते इथे जसेच्या तसे लिहितो, कारण हा सगळा लेख त्या उत्तरासाठी आहे. आम्ही म्हणालो, "अरे, ते चोचले आहेत. लॅपटॉप चालतोय ना? मग झालं."

फेब्रुवारीत आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची फेलोशिपसाठी ऑनलाइन मुलाखत होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, घरून पहिलीच. आम्ही तिला कोपऱ्यातले टेबल रिकामे करून दिले, मागे स्वच्छ चादर लावली, इतर मुलांना बाहेर बसवले. मुलाखत सुरू झाली आणि पलीकडून आवाज आला, "आपला आवाज येत नाही." आदल्या रात्री कोणीतरी त्या लॅपटॉपवर माइक बंद करून ठेवला होता. तिने बटणावर माइकचे चित्र पाहिले आणि ते दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. आवाजाच्या सेटिंगमध्ये आत कुठे जायचे हे तिला माहीत नव्हते, आम्हालाही त्या घाईत सुचले नाही. पलीकडच्या बाई सौजन्याने थांबल्या, पण अकरा मिनिटे गेली. शेवटी तिने आमच्या मोबाइलवरून मुलाखत दिली. फोन हातात धरून, हात थरथरत.

आमच्या चळवळीत 'आवाज' या शब्दावर भाषणे कितीतरी झाली आहेत, आम्हीही केली आहेत. त्या दिवशी आवाज अडला तो एका बटणावर आणि ते बटण चालत नाही हे आम्हाला दोन महिने ठाऊक होते.

तिची निवड झाली नाही. अकरा मिनिटांमुळे झाली नाही असे आम्ही म्हणालो, तर तिनेच आम्हाला अडवले. "दादा, माझी दोन उत्तरं चुकली होती. ते सोडा. पण बटणावर चित्र आहे, मी सात वेळा दाबलं. ते चालायला नको होतं का?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. एखाद्या बड्या घरच्या मुलाच्या नव्या लॅपटॉपवर माइकचे बटण चालले नसते, तर त्याचे वडील दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन उभे राहिले असते. त्याला कोणी चोचले म्हटले नसते. आमच्या मुलांसाठी "चालतंय ना, मग झालं" ही पातळी कोणी बाहेरच्याने ठरवली नव्हती. ती आम्ही ठरवली होती, आम्ही, जे सभेत समान संधीवर बोलतो. वसतिगृहाचे जेवण, आश्रमशाळेचे संडास, समाजमंदिराचे छत, या सगळ्यांवर हेच वाक्य आम्ही अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आणि त्यांच्याशी भांडत आलो. आणि मग ते आमच्याच तोंडून किती सहज बाहेर पडले!

तेव्हा ठरवले की ते बटण चालवायचे. ते काम आम्ही केले नाही, तिने केले. आम्ही चहा आणला आणि इंग्रजी शब्दांचे अर्थ शोधून दिले.

तिने आधी हे समजून घेतले की बटण दाबल्यावर होते काय. ज्याने जात पडताळणीची फाईल फिरवली आहे, त्याला हे लवकर कळेल. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि कुठे अडली हे प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारावे लागते. पहिले टेबल कीबोर्डचे. बटण दाबले की तिथून एक कच्चा क्रमांक निघतो. दुसरे टेबल कर्नलचे. तो कच्च्या क्रमांकाला नाव आणि पक्का क्रमांक देतो, 'हे आवाज वाढवायचे', 'हे माइकचे'. तिसरे टेबल पडद्याची व्यवस्था पाहणाऱ्या एक्स या कार्यक्रमाचे. चौथे डेस्कटॉपचे, जो प्रत्यक्ष काम करतो. प्रत्येक टेबलावर विचारायची खिडकी वेगळी. पहिल्या-दुसऱ्याची नोंद 'डीमेसेज'मध्ये मिळते, दुसऱ्याची 'ईव्हीटेस्ट'ने, तिसऱ्याची 'एक्सईव्ही'ने. चौथ्याची सेटिंगमध्ये.

तिने बटण दाबून 'डीमेसेज' पाहिले, तर तिथे दोन ओळी आल्या होत्या. पहिलीचा अर्थ : अनोळखी बटण दाबले गेले, कोड ८८. दुसरी ओळ तर उपायच सांगत होती : याची ओळख करून द्यायची असेल तर 'सेटकीकोड्स' ही आज्ञा अशी अशी वापरा. आम्ही अवाक झालो. दोन महिने ते यंत्र, प्रत्येक दाबण्याला, अनोळखी माणूस आला आहे, त्याची ओळख करून द्या, असे लिहून ठेवत होते आणि आम्ही ती वही कधी उघडलीच नव्हती.

'सेटकीकोड्स'ने केलेली ओळख यंत्र बंद केले की पुसली जाते. कायमची करायची तर 'ईटीसी'मधल्या 'यूडेव्ह'च्या 'एचडब्ल्यूडीबी डॉट डी' या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल लिहायची. पहिल्या ओळीत कुठला कीबोर्ड ते, दुसऱ्या ओळीत '८८ म्हणजे हे बटण'. दुसरी ओळ एक रिकामी जागा सोडून सुरू करावी लागते. ती जागा सोडली नाही म्हणून आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. मग 'सिस्टमडी एचडब्ल्यूडीबी अपडेट' आणि 'यूडेव्हॲडम ट्रिगर' या दोन आज्ञा.

तिने ८८ पुढे 'माइकम्यूट' लिहिले, जे सरळ सरळ योग्य नाव होते. 'ईव्हीटेस्ट'मध्ये नाव बरोबर आले. म्हणजे दुसऱ्या टेबलाने फाईल पुढे पाठवली. पण 'एक्सईव्ही'मध्ये शांतता. तिसऱ्या टेबलावर फाईल पोहोचलीच नव्हती. मधल्या मधे गहाळ.

याचा उलगडा व्हायला दोन दिवस लागले आणि तो इतका मजेशीर आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. कर्नलच्या यादीत माइकम्यूटचा क्रमांक आहे २४८. एक्स हा कार्यक्रम कर्नलकडून आलेल्या प्रत्येक क्रमांकात ८ मिळवतो, ही त्याची जुनी रीत. २४८ अधिक ८ म्हणजे २५६. आणि एक्सच्या रजिस्टरात बटणाच्या क्रमांकाला एकच बाइट जागा आहे, जास्तीत जास्त २५५. एका अंकाने ते बटण दाराबाहेर राहिले! एक्सची ही अकरावी आवृत्ती १९८७ सालची. तेव्हा लॅपटॉपवर माइकचे बटण असेल असे कोणाच्या डोक्यात नव्हते, म्हणून त्याच्यासाठी रकाना ठेवला गेला नाही. कोणी मुद्दाम डावलले नाही. नियम बनवताना ते तिथे नव्हते, एवढेच. (वेलँड ही नवी व्यवस्था वापरणाऱ्यांना ही मर्यादा येत नाही. मिंटचा एक्सएफसीई आमच्याकडे एक्सवर चालतो.)

उपाय लिनक्सवाल्यांनीच केव्हाचा काढून ठेवला आहे. जुन्या काळच्या मोठ्या कीबोर्डांवर एफ १२ च्या पुढेही बटणे असायची. त्यातले एफ २० आता कोणी वापरत नाही आणि त्याचा क्रमांक १९०, म्हणजे ८ मिळवूनही १९८. तर माइकच्या बटणाला कर्नलमध्ये 'एफ २०' म्हणायचे आणि एक्सने एफ २० ला माइकचे बटण समजायचे, असे ठरलेले आहे. दुसऱ्याच्या नावावर आत शिरायचे. तिने फाईलमध्ये 'माइकम्यूट' खोडून 'एफ २०' लिहिले, डेस्कटॉपच्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये ते बटण माइक चालू-बंद करण्याच्या आज्ञेला जोडले आणि दाबले. पडद्यावर माइकवरची तिरकी रेघ गेली. पुन्हा दाबले, रेघ आली. तिने ते बटण किती वेळा दाबले ते आम्ही मोजले नाही.

आता काही आक्षेपांबद्दल.

आमचे एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "एवढ्या वेळात वर्गणी काढून दोन नवे लॅपटॉप आले असते." आले असते, खरे आहे. पण दोन. आणि त्यांच्यात काही बिघडले असते तर आम्ही पुन्हा दुकानाच्या पायरीवर. जुने घ्यावे असे आमचे म्हणणे नाही, नवे मिळत असेल तर हक्काने मागावे. जे आहे ते पूर्ण चालले पाहिजे, एवढेच म्हणणे.

दुसरीकडे काही तरुण मित्रांना लिनक्स म्हणजे लगेच क्रांती वाटू लागते. त्यांनाही थोडे थांबवावेसे वाटते. लिनक्सवर काम करणारे पुष्कळसे लोक मोठमोठ्या कंपन्यांच्या पगारावर आहेत. त्याची मदतीची पाने जवळजवळ सगळी इंग्रजीत आणि तीही अशा इंग्रजीत की वाचणाऱ्याला अर्धे आधीच माहीत असावे. आमच्या मुलीला 'डीमेसेज'मधली दोन वाक्ये समजायला शब्दकोश लागला. दार उघडे आहे म्हणून पायऱ्या आपोआप चढल्या जात नाहीत.

पण दार उघडे असणे ही साधी गोष्ट नाही आणि ते उघडण्यामागे एक प्रिंटर आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय त्याने स्वतः केली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही कागद अडकवायचा, पण त्याचा प्रोग्राम कंपनीने दिलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तर त्याने नकार दिला, कारण कोणाला न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती. स्टॉलमनला राग आला तो कागद अडकल्याचा नव्हे, दुरुस्त करता येत असून करू न दिल्याचा. १९८३ साली त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल लिहिला आणि दोन्ही मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभे राहिले. म्हणजे सुरुवात झाली ती यंत्राच्या एका किरकोळ वाटणाऱ्या गैरसोयीतूनच. स्टॉलमनलाही कोणी म्हणाले असेल, प्रिंटर चालतोय ना, मग झालं.

बंद पुडीतल्या यंत्रात आमच्या मुलीला ती दुसरी ओळ दिसली असती का? अनोळखी बटण आले आहे, ओळख करून द्या? आम्हाला शंका आहे. तिथे फार तर "आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा" असे आले असते. पण ती ओळ लिहिलेली असूनही आम्ही दोन महिने वाचली नाही, हेही तितकेच खरे आणि त्याचा दोष कुठल्याच कंपनीवर टाकता येत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट, ज्यांना हे आपल्या वस्तीत करायचे असेल त्यांच्यासाठी. खास बटणे तपासायच्या आधी बायोसमध्ये जाऊन वरच्या रांगेचे सेटिंग पाहा. कित्येक लॅपटॉपवर एफएन दाबल्याशिवाय एफ ५ हा एफ ५ नसतो, उजेडाचे बटण असतो, किंवा नेमके उलटे. ते तिथून फिरवता येते. आणि पासवर्ड बरोबर असून लागत नसेल तर नमलॉक पाहा. आमच्याकडच्या एका छोट्या लॅपटॉपवर नमलॉक चालू असले की यू, आय, ओ दाबले तर ४, ५, ६ उमटायचे. कंडक्टर काकांनी आठवडाभर असे समजून घेतले होते की मुलांनी त्यांचा पासवर्ड बदलला आहे.

आता अभ्यासिकेत एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक लॅपटॉपला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला दोन पाने. कुठले बटण चालते, कुठले नाही, काय केले, कोणी केले, तारीख. अक्षर बहुतेक त्या मुलीचे, अलीकडे आणखी दोघा-तिघांचे. माइकच्या बटणाची ती फाईल तिने बाकीच्या आठ लॅपटॉपवरही टाकली. दोघांवर कोड वेगळा निघाला, तो तिने 'डीमेसेज'मधून स्वतः काढला. कामठीकडच्या एका अभ्यासिकेने आम्हाला बोलावले होते, तिथे आम्ही गेलो नाही, तिलाच पाठवले.

सात क्रमांकाच्या लॅपटॉपवर बोटाचा ठसा घेणारी पट्टी आहे, ती अजून चालत नाही. वहीत त्यापुढे लिहिले आहे : "चिपचा नंबर काढला. ड्रायव्हर सापडला नाही. जूनमध्ये परीक्षा झाल्यावर पुन्हा बघणे." खाली दुसऱ्या कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे, "मी पण."